सांगणारी स्त्री आणि दिसणारी स्त्री : 'सांगत्ये ऐका' ते 'भूमिका'

१

हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन १९७० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यानंतर सात वर्षांनी, १९७७ मध्ये, श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' हा हिंदी चित्रपट त्याच्या आधारे पडद्यावर आला. मधल्या काळात, १९७१ मध्ये, हंसा वाडकर यांचे निधन झाले होते. पुस्तक आणि चित्रपट या दोन कृतींविषयी मराठीत जे बोलले जाते ते बहुधा दोन टोकांना असते. एका बाजूस पुस्तकाचा 'धीटपणा' आणि दुसऱ्या बाजूस स्मिता पाटील यांचा अभिनय. या दोहोंच्या मध्ये जे घडले, म्हणजे एका नटीने बोलून सांगितलेले आयुष्य दुसऱ्या नटीच्या देहाद्वारे दृश्य होताना त्याचे काय झाले, हा प्रश्न मात्र पुरेसा चर्चिला गेलेला नाही. माध्यमांतराच्या कोणत्याही विचारात मूळ कृतीशी इमान राखले की नाही, हा निकष प्रथम पुढे केला जातो. प्रस्तुत उदाहरणात तो अपुरा पडतो, आणि तो का अपुरा पडतो हे पाहण्यातूनच तारकेच्या चरित्राचे नाट्यीकरण या व्यवहाराचे स्वरूप स्पष्ट होऊ शकते.

संत, राजकारणी किंवा शास्त्रज्ञ यांचे चरित्र पडद्यावर येते तेव्हा चित्रपट त्या व्यक्तीला प्रथमच दृश्यरूप देत असतो. चित्रपटतारकेचे तसे नसते. ती आधीच दृश्य आहे. तिच्या प्रतिमा प्रेक्षकांच्या स्मरणात साठलेल्या आहेत आणि त्या तिने स्वतः केलेल्या भूमिकांच्या प्रतिमा आहेत. म्हणजे चरित्रपट करू पाहणाऱ्या दिग्दर्शकासमोर व्यक्ती, तिने रंगविलेली पात्रे आणि त्या पात्रांभोवती समाजाने उभे केलेले वलय असे तीन स्तर असतात. हंसा वाडकर यांच्या बाबतीत त्यात चौथ्या स्तराची भर पडते. त्यांनी स्वतःचे आयुष्य स्वतःच्या आवाजात सांगून ठेवले आहे. तेव्हा 'भूमिका'पुढील खरे आव्हान प्रतिमेचे नसून या आवाजाचे होते.

२

या आवाजाची घडण कशी आहे, हे आधी पाहिले पाहिजे. 'सांगत्ये ऐका' हे लिहिलेले आत्मचरित्र नाही. ते सांगितलेले आहे. 'माणूस'शी संबंधित असलेल्या अरुण साधू यांनी त्याचे शब्दांकन केले. त्यामुळे या संहितेत सांगणारी आणि लिहून घेणारा अशा दोघांचा वाटा आहे आणि तिच्यातील बोलीचा सूर कोठवर मूळचा, कोठवर संपादित, हे ठरविणे अवघड आहे. तरीही या सूराचे एक लक्षण नजरेतून सुटत नाही. निवेदिका आपल्या आयुष्याचा हिशेब मांडत नाही. आठवण येईल तसे ती सांगत जाते. एका आठवणीला दुसरी चिकटून येते, काळाचा क्रम मोडतो, एखादा भीषण प्रसंग दोन-चार वाक्यांत उरकतो आणि एखाद्या चित्रीकरणाची हकीकत मात्र रंगत जाते. पश्चात्ताप, क्षमायाचना, उपदेश हे मराठी आत्मचरित्राचे परिचित सूर येथे जवळजवळ नाहीत. दारू, पुरुषांशी आलेले संबंध, घर सोडणे हे सारे ती सांगते. त्यावर न्याय मात्र देत नाही.

शीर्षकाचे व्याकरणही अर्थपूर्ण आहे. १९५९ साली अनंत माने यांनी दिग्दर्शित केलेला 'सांगत्ये ऐका' हा तमाशापट पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. आत्मकथनाचे नाव या चित्रपटावरूनच घेतलेले आहे. 'सांगत्ये' हे प्रथमपुरुषी स्त्रीलिंगी क्रियापद आणि 'ऐका' हे आज्ञार्थी रूप. या दोन शब्दांत बोलणारी स्त्री आहे आणि समोर बसलेला समुदायही आहे. फडावरील लावणीत ही रचना सांकेतिक असते. तिथे बाई सांगते ते शाहिराने रचलेले असते आणि ऐकणारे पुरुष पैसे मोजून आलेले असतात. आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर तेच शब्द आले की हा संकेत उलटतो. आता बाई स्वतःचे सांगते आहे आणि ऐकणाऱ्याने ऐकावे अशी तिची अपेक्षा आहे, नव्हे, आज्ञा आहे. ज्या शब्दांनी तिला लोकप्रिय केले त्याच शब्दांवर तिने आपला हक्क सांगितला, असे यावर म्हणता येईल.

हा हक्क कशावर उभा आहे, हेही लक्षात घ्यावयास हवे. कलावंतिणींच्या परंपरेशी नाते असलेल्या कुटुंबात १९२३ साली रतन साळगावकर या नावाने जन्मलेली ही मुलगी शाळकरी वयातच घराच्या कमाईसाठी चित्रपटांत आली. 'विजयाची लग्ने' (१९३६) हे तिच्या आरंभीच्या चित्रपटांपैकी एक. पुढे 'बॉम्बे टॉकीज', 'प्रभात', 'राजकमल' अशा त्या काळातील प्रमुख संस्थांतून तिने कामे केली. 'प्रभात'च्या 'संत सखू' (१९४१) मध्ये ती सखू झाली आणि 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) मध्ये तमासगीर बया. सासुरवाशीण संत आणि फडावरची नाची ही मराठी मनाने स्त्रीसाठी राखून ठेवलेली दोन टोके. ती दोन्ही एकाच देहाने सहा वर्षांच्या अंतराने रंगविली आणि प्रेक्षकांनी दोन्ही स्वीकारली. आत्मकथनात व्यवसायाच्या आठवणींना जी जागा मिळते ती या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. काम हा निवेदिकेच्या आत्मसन्मानाचा आधार आहे. घर हा नव्हे.

३

'भूमिका'ची पटकथा सत्यदेव दुबे, गिरीश कर्नाड आणि बेनेगल यांची; तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तसाच तो स्मिता पाटील यांनाही मिळाला. पुरस्कारांनी कृतीचे मोल ठरत नाही, परंतु या दोन पुरस्कारांनी चित्रपटाची दोन बलस्थाने अचूक दाखविली आहेत.

पटकथेचे सर्वांत मोठे यश आरंभी दिसते. पडद्यावर लावणी सुरू आहे; नटी पूर्ण साजात, प्रकाशात, कॅमेऱ्याला सामोरी. प्रेक्षक त्या नृत्यात गुंतत असतानाच चित्रीकरण थांबते आणि हे सारे सेटवरचे होते हे उघड होते. त्यानंतर ती घरी जाते, आणि नवऱ्याशी होणाऱ्या भांडणातून तिचे दुसरे आयुष्य समोर येते. तारकेचे वलय ही निर्माण केलेली वस्तू असते, तिच्यामागे दिवे, रंगभूषा, थकवा आणि मजुरी असते, हे सत्य कोणत्याही भाष्याविना केवळ एका दृश्यक्रमातून सांगितले जाते. प्रेक्षकाला आधी भुलवून मग त्याच्या भुलण्याची त्याला जाणीव करून देणे, ही लिखित आत्मकथनाला न साधणारी गोष्ट चित्रपट येथे साधतो.

दुसरे बलस्थान म्हणजे काळाची हाताळणी. बालपणाचा भाग कृष्णधवल आहे आणि वर्तमान रंगीत. चित्रपटात अंतर्भूत केलेले 'चित्रपटातील चित्रपट' त्या त्या दशकाची अभिनयशैली, संगीत आणि छायाचित्रण यांची नक्कल करतात. गोविंद निहलानी यांचे छायाचित्रण आणि वनराज भाटिया यांचे संगीत यांनी या नकलेला विडंबनाच्या पातळीवर उतरू दिलेले नाही. परिणामी एका स्त्रीच्या आयुष्याबरोबर बोलपटाच्या सुरुवातीच्या दशकांचा इतिहासही समांतर उलगडतो. स्मिता पाटील यांचा अभिनय या रचनेचा कणा आहे. जुन्या काळची नटी कॅमेऱ्यापुढे कशी उभी राहत असेल ती शैली आणि कॅमेरा नसताना तीच स्त्री कशी बसेल, कशी गप्प राहील ती शैली, असे दोन वेगळे अभिनय त्यांनी एकाच भूमिकेत केले आहेत. नटीने नटी रंगविण्यातील मुख्य अडचण ही, की सगळेच अभिनय वाटण्याचा धोका असतो. येथे तो टळला आहे.

'भूमिका' या शीर्षकाची निवडही विचारपूर्वक झालेली आहे. मराठीत आणि हिंदीतही हा शब्द नाटकातील पात्र आणि वैचारिक पवित्रा असा दुहेरी अर्थ वाहतो. उषा भूमिका करते. परंतु तिला आयुष्यात भूमिका घेता येते काय, हा चित्रपटाचा प्रश्न आहे. मुलगी, पत्नी, प्रेयसी, रखेली, आई या साऱ्या तिच्याकडे लिहून आलेल्या भूमिका आहेत. तथापि एक फरक नोंदवावा लागतो. पुस्तकाचे शीर्षक क्रियापदांचे आहे आणि चित्रपटाचे नामाचे. पहिल्यात कोणीतरी बोलते आहे; दुसऱ्यात कोणाविषयी तरी बोलले जात आहे. पुढील सर्व फरकांचे बीज यातच आहे.

४

आत्मकथनातील पसरट, आठवणींच्या मागे धावणारा घटनाक्रम चित्रपटात एका आकृतिबंधात बसविला जातो. केशव दळवी, राजन, सुनील वर्मा आणि विनायक काळे या चार पुरुषांच्या अनुषंगाने उषाचे आयुष्य उलगडते. केशव तिच्या कमाईवर जगतो आणि तिच्या कमाईमुळेच तिच्यावर संशय घेतो. सहनट राजन प्रेम करतो, पण त्याला ओळखीच्या तारकेपलीकडची स्त्री पेलवत नाही. दिग्दर्शक सुनील दुहेरी आत्महत्येचा करार करतो आणि तो फसवणूक ठरतो. काळे तिला अखेर घर देतो. त्या घराचा उंबरठा मात्र तिला ओलांडता येत नाही. प्रत्येक नाते आधीच्या नात्याचे उत्तर म्हणून येते आणि नवा प्रश्न होऊन संपते. पटकथेच्या दृष्टीने ही रचना निर्दोष आहे.

प्रश्न असा, की ही निर्दोष रचना कोणाची आहे? पुस्तकातील स्त्री आपल्या आयुष्याला शोधाचा आकार देत नाही. ती शोधात नाही. ती जगते, काम करते, अडखळते, पुन्हा कामाला लागते. चित्रपटातील उषा मात्र प्रारंभापासून कशाच्या तरी शोधात आहे आणि तो शोध प्रत्येक वेळी पुरुषाच्या दारात जाऊन थांबतो. व्यवसायातील तिची जाण, सहकारी, कामाविषयीचा अभिमान यांना चित्रपटात पार्श्वभूमीची जागा मिळते. सेट आहे, पण तो तिच्या दुःखाचा देखावा आहे. येथे चित्रपट स्वतःच्याच आरंभीच्या दृश्याशी प्रतारणा करतो असे म्हणावेसे वाटते. वलयामागची मजुरी दाखवून सुरू झालेली कथा पुढे मजुरीला विसरते आणि प्रेमकथांची मालिका होते. शांता आपटे यांनी १९३९ साली 'प्रभात'च्या दारात उपोषण केले होते आणि १९४० साली 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून चित्रपटव्यवसायाची चिकित्सा केली होती. त्या पिढीच्या नटीला आपण कामगार आहोत याचे भान नव्हते, असे म्हणण्यास आधार नाही.

यापेक्षा गंभीर फरक काळे प्रकरणाच्या शेवटी आहे. आत्मकथनात मराठवाड्यातील एका जमीनदाराच्या घरी निवेदिका सुमारे तीन वर्षे राहते. तेथून सुटका व्हावी म्हणून ती नवऱ्याशी संपर्क साधते, तो पोलिसांच्या मदतीने येतो, आणि या सुटकेच्या कारवाईतच एक दंडाधिकारी तिच्यावर बलात्कार करतो. कायद्याने सोडविले आणि कायद्याच्या माणसानेच लुटले. पुस्तकातील हा सर्वांत दाहक प्रसंग, आणि तोही विलापाविना सांगितलेला. 'भूमिका'त नवरा पोलिसांसह येतो, सुटका होते. दंडाधिकाऱ्याचे कृत्य येत नाही.

या वगळण्याचा परिणाम एका प्रसंगापुरता नाही. चित्रपटाच्या अर्थरचनेत पुरुषसत्ता कुटुंबात आणि सरंजामी वाड्यात राहते; राज्यसंस्था मात्र त्यातून निर्दोष सुटते. वाडा म्हणजे जुने, दडपणारे जग आणि पोलीस म्हणजे त्यातून बाहेर काढणारे आधुनिक जग, अशी विभागणी प्रेक्षकाच्या मनात नकळत होते. पुस्तक नेमकी हीच विभागणी मोडते. तेथे जमीनदार आणि दंडाधिकारी यांच्यात व्यवस्थेचा फरक आहे. स्त्रीच्या देहावरील अधिकाराविषयी दोघांचे एकमत आहे. ज्या दिग्दर्शकाने 'अंकुर' (१९७४) आणि 'निशांत' (१९७५) मध्ये सरंजामी अत्याचाराचे दर्शन घडविले, त्याच्याकडून हे निसटावे याची खंत अधिक वाटते.

५

चित्रपटाच्या बाजूनेही काही सांगता येते आणि ते सांगितले पाहिजे. पहिला मुद्दा असा, की 'भूमिका' स्वतःला चरित्र म्हणवीत नाही. नावे बदललेली आहेत. उषा ही स्वतंत्र निर्मिती आहे. या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो पुरता टिकत नाही. आधारभूत पुस्तकाची ओळख प्रेक्षकांना होती व आहे. त्या ओळखीचे वजन चित्रपट वापरतो. जे वजन घ्यायचे त्याचे उत्तरदायित्व नाकारता येत नाही.

दुसरा मुद्दा अधिक विचारार्ह आहे. बलात्कार सांगणे आणि बलात्कार दाखविणे या भिन्न क्रिया आहेत. सांगताना प्रसंगावर निवेदिकेचा ताबा असतो. किती सांगायचे, कोठे थांबायचे हे ती ठरविते. दाखविताना तो ताबा कॅमेऱ्याकडे जातो, आणि ज्या देहाचे वलय चित्रपटाने आतापर्यंत प्रेक्षकांसमोर मांडले त्याच देहावरील अत्याचार पुन्हा त्याच प्रेक्षकांसमोर मांडावा लागतो. तो पुन्हा पाहण्याचा विषय होण्याचा धोका असतो. हिंदी चित्रपटाने हा धोका किती सहज पत्करला, हे सांगावयास नको. या दृष्टीने वगळणे हा संयम ठरू शकेल.

परंतु हा युक्तिवाद एक गोष्ट गृहीत धरतो : चित्रपटाला केवळ दाखविता येते. चित्रपटाला सांगताही येते. उषाच्या तोंडून चार वाक्ये आली असती, कॅमेरा केवळ तिच्या चेहऱ्यावर राहिला असता, तर दृश्याचा धोका टळून आवाज राहिला असता. 'सांगत्ये ऐका' या नावाच्या पुस्तकावरील चित्रपटाला हा मार्ग सुचू नये, यातच त्याच्या दृष्टीची मर्यादा दिसते. उषा आठवते, आरशात पाहते, गप्प होते. तिचा भूतकाळ आपल्याला दिसतो, पण तो ती आपल्याला सांगत नाही. निवेदनाची सत्ता तिच्या हातून निघून कॅमेऱ्याकडे गेलेली असते. पुस्तकातील 'ऐका'चे चित्रपटात 'पाहा' होते.

गंमत अशी, की ज्या एका प्रसंगात चित्रपट सांगण्यावर विसंबतो तोच त्याचा सर्वोच्च बिंदू ठरतो. काळेच्या वाड्यात त्याची आजारी, अंथरुणाला खिळलेली पत्नी आहे. मुलाला घेऊन जत्रेला जाण्याची साधी इच्छाही उषाला पुरी करता येत नाही आणि आपण कोंडल्या गेलो आहोत हे तिला कळते. उषा तेथून निघते तेव्हा ही पत्नी तिला सांगते, की घरे बदलतात, पुरुषांचे मुखवटे बदलतात, पुरुष बदलत नाहीत. हलू न शकणारी स्त्री बोलते आणि सर्वत्र भटकलेली, हजारो प्रेक्षकांसमोर नाचलेली स्त्री ऐकते. 'सांगत्ये ऐका' हे नाते या एका दृश्यात खऱ्या अर्थाने प्रस्थापित होते. मात्र सांगणारी आता वेगळी आहे. नायिकेचे शहाणपण दुसऱ्या स्त्रीच्या ओठी ठेवले गेले आहे. हा कलात्मक लाभ आहे आणि त्याची किंमत नायिकेच्या आवाजाने मोजलेली आहे.

संत सखूची कथा येथे आठवल्याशिवाय राहत नाही. सखू पंढरपूरला जाते तेव्हा तिच्या जागी घरात विठ्ठल राबतो. म्हणजे स्त्रीने घराबाहेर पडावे तर तिची घरातील भूमिका करायला देवालाच यावे लागते. पडद्यावर सखू झालेल्या नटीच्या वाट्याला असा पर्यायी कोणी आला नाही. चित्रपटाच्या अखेरीस उषा मुलीबरोबर राहण्याचे नाकारते, हॉटेलच्या खोलीत एकटी राहते, आणि राजनचा फोन येतो तेव्हा तिच्याकडून प्रतिसाद मिळत नाही. हे मौन स्वातंत्र्याचे की एकाकीपणाचे, हे चित्रपट उघडे ठेवतो. हा शेवट प्रभावी आहे यात शंका नाही. पण ज्या स्त्रीच्या आयुष्यावर तो बेतला आहे तिने अखेरीस मौन पत्करले नव्हते, ती बोलली होती. पुस्तकाचे अस्तित्व हाच 'भूमिका'च्या शेवटाचा प्रतिवाद आहे.

६

'भूमिका'नंतर तारकेचे आयुष्य हा भारतीय चित्रपटाचा रुळलेला विषय झाला. 'द डर्टी पिक्चर' (२०११) मध्ये दक्षिणेतील नटी सिल्क स्मिता हिच्या आयुष्याचा आधार घेतला गेला; तेथे वलयाची चिकित्सा कमी आणि पुनरुपभोग अधिक आहे. कमल यांच्या 'सेल्युलॉइड' (२०१३) या मल्याळम चित्रपटात पी. के. रोझी या पहिल्या मल्याळम नायिकेची कथा येते. दलित स्त्रीने उच्चवर्णीय स्त्रीची भूमिका केली म्हणून तिला गाव सोडावे लागले, आणि तिचा तो चित्रपटही आज उपलब्ध नाही. जिची प्रतिमाच उरली नाही अशा नटीला दृश्यरूप देण्याचा प्रश्न वलयांकित तारकेच्या प्रश्नाहून मूलतः वेगळा आहे. सावित्री या तेलुगू अभिनेत्रीवरील 'महानटी' (२०१८) मध्ये एका स्त्री पत्रकाराच्या शोधाची चौकट वापरली आहे. म्हणजे कोणीतरी विचारते आहे, ऐकते आहे, ही जाणीव रचनेतच ठेवलेली आहे. चिनी मूकपटांची तारका र्वान लिंग्यू हिच्यावरील स्टॅन्ली क्वान यांच्या चित्रपटात तर ती रंगविणारी नटी आणि दिग्दर्शक स्वतः पडद्यावर येऊन त्या आयुष्याविषयी बोलतात. आपण दुसऱ्याचे आयुष्य उसने घेत आहोत, ही कबुली तेथे कृतीचाच भाग होते.

या पार्श्वभूमीवर 'भूमिका'चे स्थान ठरवावे लागते. वलय ही श्रमाने उभी केलेली गोष्ट आहे, हे तिने इतक्या आरंभी आणि इतक्या समर्थपणे दाखविले, की नंतरचे फार थोडे चित्रपट तिच्या जवळपास पोहोचतात. तरीही आवाजाच्या प्रश्नावर ती अपुरी राहते. तारकेच्या चरित्राचे नाट्यीकरण जोखताना घटना खऱ्या की खोट्या, चेहरा मिळतो की नाही, याहून महत्त्वाचा निकष हा मानावा लागेल : ज्या स्त्रीने जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्ये म्हटली तिच्या स्वतःच्या वाक्यांचे या कृतीने काय केले?

आत्मकथनाच्या इंग्रजी अनुवादाचे नाव 'यू आस्क, आय टेल' असे आहे. 'तुम्ही विचारता म्हणून मी सांगते' असा त्याचा सूर. मूळ मराठीत विचारण्याची अट नाही. कोणी विचारो न विचारो, ती सांगते आहे. चित्रपटाने तिला पाहिले आणि अनुवादाने तिला विचारले. तिचे ऐकणे हे काम मात्र वाचकाकडे आणि समीक्षेकडे अद्याप शिल्लक आहे.